पन्नास एमएम

भिशीचे एकेचाळीस हजार पर्समध्ये,
पर्स पदराखाली,
आणि मी जेल रोडवर, संखलेचांच्या काउंटरपुढे.
"बॉडी तो बदलती रहेगी, दीदी," ते म्हणाले,
"पैसा काच में डालो."
साठीला टेकलेल्या बाईला हे
इतक्या सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

जुनी बॉडी निघाली देवासच्या एका लग्नवाल्याची.
शटर अठ्ठावीस हजार चारशे बारा.
म्हणजे इतक्यांदा हिनं डोळा मिटलाय
दुसऱ्यांच्या सप्तपदीवर.
पकडीचं रबर अंगठ्यापाशी गुळगुळीत,
आणि फ्लॅशच्या खाचेत
हळदीचा एक वाळका कण.
तो मी काढला नाही.
खरं तर निघाला नाही.

सोबतची झूम ठेवून घ्या म्हटलं, घेतली पन्नासची,
एक पॉइंट आठ. प्लास्टिकची, स्वस्त,
लोणच्याच्या बरणीच्या झाकणाएवढी.
"पण मग लांबचं जवळ कसं आणायचं?"
संखलेचांनी काउंटरवरून वाकून
माझ्या चपलांकडे बोट दाखवलं.
डावा गुडघा तिथेच कुरकुरला.

पौषातली रात्र. सराफ्यात सोनं कुलुपात गेलं
की ओट्यांवर कढया चढतात.
मांगीलाल गराडू तळत होता.
पहिलाच फ्लॅश मारला, सरळ, तोंडावर.
वाफेची पांढरी भिंत झाली,
माणूस तिच्यामागे गेला,
आणि भिंतीमागून आवाज आला,
"बाई, तेल खौल रहा है. आँख मत लो मेरी."

फ्लॅश उतरवून पिशवीत.
आयएसओ बत्तीसशे. फोटोत दाणे पडले
भाजक्या रव्यासारखे. पडू देत.
पापण्या धारदार, कान विरघळलेले,
मागची गर्दी नुसते पिवळे बत्तासे.
एक पाऊल मागे तर स्कूटर,
एक पुढे तर कढई.
तीस वर्षं या ओट्यावर खाल्लं,
नाव कधी विचारलं नव्हतं.
या काचेनं विचारायला लावलं.
जिरावण भुरभुरताना तो हात थांबवून म्हणाला,
"हाँ, अब लो."

फक्त फार जवळ गेलं की ती गोंधळते.
पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आत
मोटर घरघरते, पुढे मागे, पुढे मागे,
आणि काहीच धरत नाही.

घरी अच्युत मटार सोलत बसलेला.
"मोबाइलमध्ये हेच निघत नाही का?"
निघतं, म्हटलं. इकडे बघ.
नेमका तेव्हाच ट्यूबलाइटनं दम सोडलेला,
म्हणून फ्लॅशची मान वर केली,
संखलेचांनी दाखवली तशी:
उजेड माणसावर फेकायचा नाही,
छताकडे पाठवायचा,
तो खाली येतो मऊ होऊन.

आला. पण आमचं छत हिरवं.
सुदामानगरात राहायला आलो तेव्हा
बाल्कनीचा उरलेला डिस्टेंपर
शिडीवर चढून त्यानंच लावलेला,
माझं एक न ऐकता.
आता स्क्रीनवर तो कच्च्या पेरूसारखा:
कपाळ हिरवं, टक्कल हिरवं,
चष्म्याच्या दांड्यासुद्धा.
ताटातले मटार तेवढे बरोबर.

व्हाइट बॅलन्सनं जाईल हे, दोन बटणं.
बोट त्या बटणापर्यंत नेलंही.
मग आठवलं, याच छताखाली
एकोणीस वर्षं आपणही जेवतोय.
तिथून काय काय खाली आलं असेल,
कुणी पाहिलंय.

"दाखव," तो म्हणाला.
हात पुसून, चष्मा वर सारून
बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, "बघ,
रंग चांगलाच बसलाय की छताला."